काळ्या रानातला भूमिगत निचरा: नळ्यांची आखणी, जिप्सम, पीक आणि बाहेर पडणारे पाणी

भूमिगत निचरा, म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून साचलेले पाणी आणि क्षार बाहेर काढणे. हे काम खालून वर करायचे असते. रानातले पाणी शेवटी कुठे पडणार हे आधी ठरते, मग मुख्य नळी, मग उपनळ्या, आणि सगळ्यात शेवटी पीक. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हे उलटे होते. आधी पाईपचा दर विचारला जातो, मशीन ठरते, चर निघतात आणि मग लक्षात येते की शेजारचा ओढा रानापेक्षा जेमतेम चार फूट खोल आहे. अशा रानातल्या नळ्या पावसाळाभर पाण्याने भरलेल्या राहतात आणि खर्च मातीत जातो.

हा लेख मुख्यतः सांगली-कोल्हापूरच्या बागायती पट्ट्यासाठी आहे: शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतल्या कृष्णा, वारणा, पंचगंगेकाठच्या खोल काळ्या जमिनी. नीरा डाव्या कालव्याला १८८५ मध्ये पाणी सुटले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्या खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींचा सरकारी पातळीवर अभ्यास करावा लागला. म्हणजे हा आजार नवा नाही. पाणी आले, ऊस आला आणि पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नाही. साधा हिशेब घ्या. ०.५ ईसीचे (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षारांचे माप), म्हणजे चांगल्यापैकी गोडे पाणी लिटरमागे सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार घेऊन येते. उसाला वर्षभरात २००० मिमी पाणी दिले तर हेक्टरी २ कोटी लिटर पाण्याबरोबर सुमारे ६.४ टन क्षार रानात येतात. पाणी पीक पिते, ऊन उडवते; क्षारांचा फार थोडा भाग पिकाबरोबर जातो, बाकी तिथेच राहतो.

आधी दुखणे ओळखा

क्षारपड हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात तीन वेगळ्या जमिनी येतात आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. क्षारयुक्त जमिनीत संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काची) ईसी ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू ८.५ च्या खाली आणि ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे शेकडा प्रमाण, १५ च्या खाली असते. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा फुलोरा येतो; माती हाताला भुसभुशीत लागते. चोपण जमिनीत ईसी ४ च्या खाली, पण ईएसपी १५ च्या वर आणि सामू ८.५ च्या वर. ही माती भिजली की चिकट गाळ, वाळली की दगड. पाणी वरच साचून गढूळ राहते, कधी वर काळपट थर दिसतो. तिसरी क्षारयुक्त-चोपण, जिच्यात ईसी आणि ईएसपी दोन्ही जास्त.

क्षारयुक्त जमीन निचरा आणि गोड्या पाण्याने सुधारते. चोपण जमिनीत नुसत्या नळ्या टाकल्या तर पाणी नळीपर्यंत पोचतच नाही. आणि तिसऱ्या प्रकारात फसगत सर्वाधिक होते, ती पुढे सांगतो.

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की पहिली गोष्ट बघा: ईसी कोणत्या पद्धतीने मोजली आहे? बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणात मोजतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो. चिकण काळ्या मातीत अर्काची ईसी ढोबळमानाने त्याच्या अडीच ते तीन पट धरावी. अहवालात १.८ दिसले म्हणून निर्धास्त राहणाऱ्याच्या रानात प्रत्यक्षात ५ च्या आसपास ईसी असू शकते. नमुने ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंमी अशा चार थरांतून, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात घ्या. एका एकरात किमान तीन जागा: एक चांगली, एक मधली, एक पूर्ण पडलेली. तिन्हींची माती एकत्र कालवू नका.

भूजल किती वर आहे आणि कुठून येते

दीड इंची पीव्हीसी नळीचा ३ मीटरचा तुकडा घ्या. खालच्या १ मीटरला करवतीने बारीक चिरा पाडा, त्यावर कापड गुंडाळा आणि गिरमिटाने केलेल्या भोकात उभी करा. चिरांच्या भोवती जाड वाळू, वरचा अर्धा मीटर चिकणमातीने ठासून बंद, तोंडावर टोपण. वरून पाटाचे पाणी नळीलगत खाली उतरले तर सगळी मोजमापे खोटी ठरतात, म्हणून वरचे ठासणे महत्त्वाचे. पाच एकरांत अशा तीन-चार नळ्या बसवून वर्षभर दर पंधरा दिवसांनी पाण्याची खोली लिहून ठेवा.

उन्हाळ्यातही पाणी दीड मीटरच्या आत राहत असेल तर केशाकर्षणाने क्षार वर येतच राहणार. एप्रिलमध्ये रान पडीक आहे, पाणी दिलेले नाही, तरीही पातळी उतरत नाही, तर पाणी बाहेरून येते आहे: वरच्या अंगाच्या कालव्यातून, तळ्यातून किंवा वरच्या शेतांतून. अशा रानात आतल्या नळ्यांआधी वरच्या बांधालगत उताराला आडवा एक खोल अडवणीचा चर किंवा नळी लागते. कधी एवढ्यावरच निम्मे काम होते, आणि आतल्या नळ्यांचे अंतर वाढवता येते.

पाणी पडणार कुठे

आता आउटलेट, म्हणजे मुख्य नळीचे ओढ्यात उघडणारे तोंड. सपाट रान आहे असे धरा. उपनळी २०० मीटर लांब, उतार ०.२ टक्के, म्हणजे १०० मीटरला २० सेंमी. वरच्या टोकाला नळी १.१ मीटर खोल ठेवली तर खालच्या टोकाला ती १.५ मीटरवर जाते. मुख्य नळी तिच्याखाली १० सेंमी, म्हणजे १.६ मीटर. मुख्य नळीची लांबी २०० मीटर आणि उतार ०.१ टक्के धरला तर तोंडाशी खोली १.८ मीटर. तोंड ओढ्यातल्या नेहमीच्या पाण्यापेक्षा किमान ३० सेंमी उंच हवे. म्हणजे ओढ्यातले पाणी रानाच्या पातळीपेक्षा २.१ मीटर, जवळजवळ सात फूट खाली असले पाहिजे. रानालाच उतार असेल तर तेवढी सूट मिळते.

एवढी खोली नसेल तर दोनच मार्ग. एक, ओढा खालच्या अंगापर्यंत सगळ्यांनी मिळून खोल करणे. ओढ्याचा एक तुकडा खोल करून उपयोग नाही. तिथे डबके होते. दोन, विहिरीसारखा संप बांधून पंपाने उपसणे. १० हेक्टरांतून दिवसाला २ मिमी निचरा धरला तर २०० घनमीटर पाणी होते. चार-पाच मीटर उचलायला ३ एचपीचा पंप दिवसातून चार-पाच तास चालवावा लागेल. वीज रात्रीची असेल तर संप त्या मानाने मोठा घ्या.

एकट्या शेतकऱ्याला आउटलेट मिळत नाही म्हणूनच हे काम गटाने होते. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेकडो शेतकऱ्यांची रानं एका आराखड्यात घेऊन निचरा झाला, तो याच कारणाने. मुख्य नळी ज्यांच्या रानातून जाते त्यांची लेखी संमती आणि पुढच्या देखभालीची वर्गणी, या दोन्ही गोष्टी चर निघण्याआधी कागदावर आणा.

ऑगर चाचणी: नळ्यांचे अंतर यातून ठरते

शेजाऱ्याने अमुक फुटांवर टाकल्या म्हणून आपणही तेवढ्यावर टाकायच्या, हे बरोबर नाही. माती पाणी किती सोडते हे त्याच रानात मोजता येते आणि त्याला एक दिवस पुरतो.

८ सेंमी व्यासाचे भोक भूजलाच्या पातळीखाली ८० सेंमी जाईल एवढे घ्या. पाणी स्थिर होऊ द्या. चिकण मातीत रात्रभर लागू शकते. मग बादलीच्या नळकांड्याने पाणी भरभर उपसा, पातळी ३०–३५ सेंमी खाली आणा आणि तरंगत्या पट्टीने ती किती वेळात किती चढते ते लिहा. उपसलेल्या उंचीचा चौथा हिस्सा भरून येईपर्यंतचीच मोजमापे धरा. त्यानंतरची दिशाभूल करतात.

गणित असे. भोकाची त्रिज्या ४ सेंमी, पातळीखालची खोली ८० सेंमी, आणि पाणी मूळ पातळीखाली ३३ वरून २७ सेंमीवर चढले, म्हणजे सरासरी ३०. ४००० ला त्रिज्येच्या वर्गाने गुणा: ६४,०००. भागाकारासाठी तीन संख्यांचा गुणाकार करा: पहिली, खोली अधिक त्रिज्येची वीसपट, म्हणजे १६०, दुसरी, २ वजा (३० भागिले ८०), म्हणजे १.६२५, तिसरी, सरासरी ३०. गुणाकार ७,८००. गुणांक आला ८.२. पाणी ६ सेंमी चढायला ५ मिनिटे लागली असतील तर सेकंदाला ०.०२ सेंमी, ८.२ ने गुणले की पारगम्यता, म्हणजे मातीतून पाणी जाण्याचा वेग, दिवसाला ०.१६ मीटर.

हा आकडा नळ्यांचे अंतर काढण्याच्या हूगहाउटच्या सूत्रात घालतात. अंतराचा वर्ग = (८ × पारगम्यता × समतुल्य खोली × उंची + ४ × पारगम्यता × उंचीचा वर्ग) ÷ रोजचा निचरा. इथे उंची म्हणजे दोन नळ्यांच्या मधोमध पाणी नळीच्या वर किती राहू द्यायचे ती. नळी सरासरी १.३ मीटरवर आणि मधले पाणी जमिनीखाली ०.९ मीटरवर हवे असेल तर उंची ०.४ मीटर. निचरा दिवसाला २ मिमी, म्हणजे ०.००२ मीटर. समतुल्य खोली म्हणजे नळी ते कठीण थर या अंतराऐवजी सूत्रात धरायची कमी केलेली खोली; कठीण थर ३ मीटरवर असेल तर ती १ मीटरच्या थोडी वर येते. यातून अंतर सुमारे १८ मीटर निघते. पारगम्यता दुप्पट, ०.३२ असती तर अंतर २६–२७ मीटर आले असते. म्हणजे माती दुप्पट मोकळी असली तरी अंतर दीडपटच वाढते. याच पट्ट्यात कुणाच्या रानात १८ तर कुणाच्या रानात २५ मीटर बरोबर ठरते ते यामुळे. १८ मीटर अंतराला एकरी सुमारे २२५ मीटर उपनळी लागते, २५ मीटरला १६० मीटर. खर्चाचा अंदाज बांधताना या लांबीला स्थानिक दराने गुणा.

तीन-चार जागी चाचणी घ्या. एकच आकडा बाकीच्यांपेक्षा दहापट आला तर ते भोक भेगेत किंवा जुन्या मुळाच्या वाटेत गेले आहे. तो सोडून द्या.

साहित्य

उपनळीला ८० मिमीची सच्छिद्र नालीदार पीव्हीसी नळी पुरते. २०० मीटर लांबीच्या नळीने २५ मीटर पट्टा निचरला तर दिवसाला १० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.१२ लिटर पाणी येते. ०.२ टक्के उतारावर ही नळी त्याच्या दहापट पाणी वाहू शकते. मोठ्या नळीचा आग्रह धरून पैसे घालवू नका. तेच पैसे अंतर कमी करण्यात घाला. मुख्य नळीला मात्र हिशेब करा: १० हेक्टरांसाठी १६० मिमी योग्य.

नळीवरचा गाळणीचा कपडा, म्हणजे न विणलेला जिओटेक्स्टाइल, यावर मतभेद आहेत. चिकण मातीचे प्रमाण जास्त आणि सोडियम कमी असेल तर गाळणीशिवायही नळ्या चालतात, कारण अशी माती तुटून वाहत नाही. पण आपल्या रानात सोडियम असतो. सोडियममुळे चिकण कण सुटे होऊन पाण्याबरोबर नळीत जातात. म्हणून या पट्ट्यात कारखान्यातच कापड गुंडाळलेली नळी घ्या. तिची गुंडाळी उन्हात ठेवू नका आणि ओढत नेऊ नका. एका जागी फाटलेले कापड सबंध नळी गाळाने भरायला पुरेसे असते.

याशिवाय प्रत्येक उपनळीच्या वरच्या टोकाला बूच, मुख्य नळीशी जोडणीला टी किंवा चेंबर, चेंबरचा तळ नळीच्या ३०–४५ सेंमी खाली म्हणजे गाळ तिथे बसेल, आणि शेवटच्या ५ मीटरला बिनछिद्राची जाड नळी. तोंडाला जाळी लावा. खेकडे, बेडूक आणि उंदीर आत जाऊन अडकतात. बांबू, निलगिरी, बाभूळ यांच्या जवळून नळी जात असेल तर तेवढा तुकडा बिनछिद्राचा टाका. मुळे सच्छिद्र नळीत शिरली की झाडू फिरवूनही निघत नाहीत.

खोदाईचा क्रम

काम फेब्रुवारी ते मेमध्ये, ऊस तुटल्यावर. ओल्या काळ्या मातीत चराच्या भिंती ढासळतात आणि माणूस खाली असेल तर जिवावर बेततं. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्यांशिवाय कुणाला उतरू देऊ नका.

आउटलेटपासून सुरू करा. खालून वर गेले की चरात उतरलेले पाणी आपोआप वाहून जाते. वरून खाली आले तर तळ चिखल होतो आणि नळी त्यावर तरंगते. पातळी लेझरने किंवा डंपी लेव्हलने दर १० मीटरला तपासा. तळात उतारापेक्षा १–२ सेंमी फरक चालेल. त्याहून खोल गेलेली जागा सुट्या मातीने भरून पातळी जुळवू नका. ती नंतर बसते आणि नळीला पोट पडते, त्या पोटात गाळ साचतो. तिथे वाळू घाला.

नळी तळावर सरळ ठेवली की तिच्यावर १५–२० सेंमी सुटी, कोरडी माती हाताने टाका. ओले ढेकूळ मशीनने थेट नळीवर लोटणे ही सर्वात नेहमीची चूक आहे. नळी सरकते, दबते, जोड निघतात. उघडा चर रात्रभर ठेवू नका. बुजवताना जमिनीच्या वर २०–२५ सेंमीचा बोद ठेवा, तो पहिल्या पावसात बसतो. चराची माती बसेपर्यंत चराच्या दिशेने सरीत पाणी सोडू नका. पाणी सैल मातीतून सरळ नळीत घुसते आणि वाट पाडते. असे झाले की पुढे दरवेळी तिथेच खड्डा पडतो.

बुजवण्याआधी प्रत्येक उपनळीचे दोन्ही टोकांचे अंतर एखाद्या पक्क्या खुणेपासून, विहीर, खांब किंवा बांधाचा दगड, मोजून नकाशावर लिहा. दहा वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला याच नकाशाचा आधार असतो.

नळ्या टाकल्या, आता क्षार धुणे

नळी क्षार ओढून घेत नाही. ती फक्त वाट देते. क्षार वरून उतरणारे गोडे पाणी नेते. म्हणून पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत पावसाचा थेंबही रानाबाहेर वाहू देऊ नये. बांध नीट घालून वाफे पाडा. सांगली-मिरजेकडे पाऊस कमी, त्यातला बराच भाग उडून जातो. ६० सेंमी थर धुवायला साधारण तितकेच पाणी आरपार जावे लागते. एका वर्षात रान गोडे होईल ही अपेक्षा ठेवू नका.

उन्हाळ्यात धुणार असाल तर भेगांचा विचार करा. काळ्या रानाला बोटभर रुंद भेगा पडल्या असताना भरून पाणी सोडले तर ते भेगांतून थेट नळीत जाते. आउटलेट जोरात वाहते, शेतकऱ्याला वाटते क्षार चालले, पण ढेकळांच्या पोटातले क्षार जागच्या जागी असतात. आधी ५ सेंमीचे हलके पाणी द्या, चार-पाच दिवस थांबा, माती फुगून भेगा मिटू द्या, मग ८–१० सेंमीच्या पाळ्या द्या. दोन पाळ्यांत अंतर ठेवले की ढेकळातले क्षार बाहेर झिरपायला वेळ मिळतो आणि कमी पाण्यात जास्त क्षार निघतात.

आता ती फसगत. क्षारयुक्त-चोपण रानात नळ्या टाकून नुसते गोडे पाणी सोडले तर पहिल्या हंगामात ईसी झपाट्याने उतरते आणि सगळे खूश होतात. पण सोडियम कणांना चिकटलेलाच असतो. क्षार भरपूर असताना ते माती एकत्र धरून ठेवत होते. ते गेले की चिकण कण फुगून सुटे होतात, छिद्रे बंद होतात, रान चोपण बनते. दुसऱ्या वर्षी वर पाणी साचलेले आणि खाली नळी कोरडी! जिप्सममधला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो; म्हणून ईएसपी १० च्या वर असेल तर जिप्सम धुण्याच्या आधी रानात असलेच पाहिजे.

जिप्समचा हिशेब. मातीची धन-आयन विनिमय क्षमता (सोडियम, कॅल्शियमसारखे धन-आयन धरून ठेवण्याची ताकद) १०० ग्रॅममागे ५५ मिलीइक्विव्हॅलंट, ईएसपी २२ वरून १० वर आणायचा आहे. ५५ चे १२ टक्के म्हणजे ६.६ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम काढायचा. वरच्या १५ सेंमी थरात प्रत्येक मिलीइक्विव्हॅलंटला हेक्टरी सुमारे १.७ टन शुद्ध जिप्सम लागते, म्हणजे ११ टन. ८० टक्के शुद्धतेचे असेल तर १४ टन. एवढे एकदम टाकत नाहीत. साधारण निम्मी गरज पहिल्या वर्षी, मग परीक्षण करून पुढची. लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच जिप्सम विरघळते. टनाला ४०० घनमीटर, म्हणजे हेक्टरावर ४० मिमी पाणी लागते. ५ टनांना २०० मिमी. म्हणून जिप्सम मेअखेर पसरून वरच्या १०–१५ सेंमीत मिसळावे, पाऊस ते विरघळवतो. खोल नांगरून गाडले तर वरचा थर तसाच राहतो.

चुनखडीयुक्त रानात गंधकही चालते, १ टन गंधक सुमारे ५.४ टन जिप्समाच्या तोडीचे. पण ते जिवाणूंमार्फत काम करते, त्यामुळे वेळ लागतो. प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरणारा गाळ) घालणे आणि धैंचा हे हिरवळीचे पीक गाडणे या दोन गोष्टी मात्र प्रत्येक रानात करा. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करतो, आणि मुळांच्या वाटांनी माती उघडते.

पीक कसे बदलते

पाणी उतरले की मुळांना हवा मिळते, हा पहिला परिणाम. साचलेल्या रानात नत्र वायू होऊन उडून जाते, म्हणून युरिया कितीही टाका, ऊस पिवळाच राहतो. निचरा झाल्यावर त्याच खतात पान हिरवे होते. वाफसा लवकर येतो, आंतरमशागत वेळेवर होते.

क्षारांचा परिणाम पिकागणिक वेगळा. संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या वर गेली की उसाचे उत्पादन प्रत्येक एककाला सुमारे ६ टक्क्यांनी घटते. ईसी ६ म्हणजे जवळजवळ २५ टक्के घट, १० म्हणजे निम्मे. मका १.७ ला सुरू होऊन एककाला १२ टक्के, कांदा १.२ पासूनच १६ टक्के. उलट गहू ६ पर्यंत, कापूस ७.७ पर्यंत, शर्कराकंद ७ पर्यंत टिकतो. सोयाबीन ५ पर्यंत ठीक, पण त्यानंतर एकदम कोसळते. निचऱ्यानंतर लगेच ऊस लावण्याची घाई करू नये ती यासाठी. पहिला पावसाळा धैंचा, रब्बीला गहू किंवा शर्कराकंद. ईसी ४–५ वर आली की सोयाबीन. ३ च्या खाली आली की ऊस, तोही को.एम. ०२६५ सारखा क्षार सोसणारा वाण. उगवणीच्या वेळी सगळीच पिके जास्त नाजूक असतात, म्हणून कांडी वरंब्याच्या माथ्यावर न लावता बगलेला लावा. क्षार माथ्यावर जमतात.

गुऱ्हाळवाल्यांना आणखी एक फरक दिसेल. खारवट रानातल्या उसाच्या रसात क्षार उतरतात, गूळ खारट लागतो, पावसाळ्यात पाझरतो. रान धुतले गेल्यावर गुळाची प्रत सुधारते.

आणि हे सगळे टिकायचे असेल तर पाटपाणी कमी झाले पाहिजे. नळ्या आहेत म्हणून भरून पाणी देणारा माणूस खत आणि पाणी दोन्ही ओढ्यात ओततो.

ओढ्यात पडणारे पाणी

आउटलेटचे पाणी दिसायला नितळ असते आणि तिथेच फसवते. नितळ, कारण मातीतून गाळून येते. वरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर जाणारा गाळ आणि स्फुरद निचऱ्यामुळे कमी होतो, हा खरा फायदा आहे. पण विरघळलेले क्षार आणि नायट्रेट गाळले जात नाहीत. ८ ईसीचे पाणी दिवसाला १ मिमी वाहिले तर हेक्टरी रोज सुमारे ५० किलो क्षार ओढ्यात जातात, शंभर दिवसांत ५ टन. लिटरमागे १५ मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र (नायट्रेटमधला फक्त नत्राचा भाग) असलेले १०० मिमी पाणी गेले तर हेक्टरी १५ किलो नत्र, म्हणजे ३३ किलो युरिया गेला.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्या-सोयाबीनखालच्या विस्तीर्ण सपाट जमिनी अशाच नळ्यांवर उभ्या आहेत. तिथल्या नद्यांत नायट्रेट इतके चढते की डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला १९९० च्या दशकापासून ते काढण्यासाठी वेगळे संयंत्र चालवावे लागते. २०१५ मध्ये या संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंटींमधल्या (जिल्ह्यांमधल्या) निचरा मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला, पण पाणी शुद्ध करण्याचा खर्च शहरावरच राहिला. कॅलिफोर्नियात सॅन होकिन खोऱ्यातले निचऱ्याचे पाणी केस्टरसन जलाशयात साठवले. त्यातल्या सेलेनियममुळे १९८३ मध्ये पक्ष्यांची पिल्ले विकृत जन्मलेली आढळली. आपल्या खाली गावे आहेत, त्यांच्या जॅकवेल (नदीतून पिण्याचे पाणी उपसायच्या विहिरी) आहेत, पुढे कर्नाटक आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आउटलेट पिण्याच्या विहिरीच्या किंवा जॅकवेलच्या वरच्या अंगाला ठेवू नका. नळी शंभर मीटर लांबवावी लागली तरी लांबवा.

नायट्रेट कमी करण्याचा सर्वात स्वस्त उपाय शेतातच आहे: नत्राचे हप्ते वाढवणे, ठिबकमधून देणे आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया न टाकणे. दुसरा उपाय नियंत्रित निचरा. चेंबरमध्ये नळीच्या तोंडाला एल्बो आणि उभा तुकडा लावून पाण्याची पातळी हवी तेव्हा वर धरता येते. पाणी कमी वाहते, नत्र कमी जाते, पिकाला ओलही मिळते. पण हा उपाय रान धुऊन झाल्यावरचा. आउटलेटच्या पाण्याची ईसी २ च्या वर असेपर्यंत तोंड उघडेच ठेवा. खारट भूजल मुळांपर्यंत वर आणणे म्हणजे सगळे काम उलटे करणे आहे.

उन्हाळ्यात हेच पाणी पुन्हा वापरायचा मोह होतो. ०.४ ईसीच्या कालव्याच्या पाण्यात ६ ईसीचे निचऱ्याचे पाणी मिसळून १.५ ईसी हवी असेल तर चार भाग गोडे, एक भाग खारे. सोडियमचे प्रमाणही तपासून घ्या आणि पहिली दोन वर्षे हे करू नका.

देखभाल

पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा आउटलेटवर बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजा, खिशातल्या मीटरने ईसी घ्या, निरीक्षण नळ्यांतली पातळी बघा. या तीन आकड्यांवरून दुखणे कळते. मधली पातळी वर आणि आउटलेट बारीक, तर नळी तुंबली आहे किंवा पोट पडले आहे. चेंबरमधून पाण्याच्या दाबाने धुऊन घ्या. पातळी वर आणि चेंबरही भरलेला, तर अडथळा खाली ओढ्यात आहे. रानावर पाणी साचलेले पण निरीक्षण नळी कोरडी, तर दोष वरच्या मातीत आहे: जिप्सम कमी पडले. नळीच्या तोंडाशी तांबूस चिकट थर दिसला तर तो लोहाचा आहे. तो वाळून घट्ट होण्याआधी धुवावा लागतो.

कृष्णा-पंचगंगेच्या पुरात, २०१९ आणि २०२१ सारख्या, आउटलेट आठवडाभर बुडालेले राहते. तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप असेल तर गढूळ पाणी आत शिरत नाही. पूर ओसरताच झडपेतला काडीकचरा काढा, चेंबरचा गाळ उपसा आणि ओढ्यात तोंडासमोर बसलेली रेती हटवा. उभ्या उसाची मुळे त्या वेळी पाण्यात असतात, त्यामुळे हे काम पाणी उतरेल त्याच दिवशी करा.